खर्जसाहेब

खर्जसाहेबांना फोन लावला की पलीकडून 'हॅलो' येत नाही, 'हॅलो' अवतरतो. राँग नंबर लागलेला माणूससुद्धा आधी माफी मागतो, मग फोन ठेवतो. क्रेडिट कार्ड विकायला फोन करणाऱ्या मुली त्यांना 'सर' म्हणतात आणि कार्डाचा विषय काढायला धजत नाहीत.

त्यांचं खरं नाव आमच्या हिशेबाच्या वहीत आहे. पण ऑडिओबुकसाठी आवाज शोधत फिरणाऱ्या कुणालाही मराठी मुलखात एक तरी खर्जसाहेब भेटतोच, तेव्हा नावाला तसा अर्थ नाही. चरित्र सगळ्यांचं एकच. नववीत आवाज फुटला आणि बाकीच्यांचा जिथे थांबला तिथे यांचा थांबला नाही, खालीच जात राहिला. कॉलेजच्या एकांकिकेत काम मिळालं ते विंगेतून बोलणाऱ्या काळपुरुषाचं. पुढे बँकेतली नोकरी, आणि गणेशोत्सवात मंडळाचा माईक. 'पांढऱ्या गाडीच्या मालकांनी आपलं वाहन तातडीने हलवावं' हे ते अशा गांभीर्याने सांगत, की मालक धावत यायचा तो गाडी शाबूत आहे का बघायला.

ओळखणारे म्हणत, 'साहेब, तुम्ही आवाजात काहीतरी करायला हवं होतं.' 2017 साली स्टोरीटेल भारतात आलं, मराठी पुस्तकं फोनवर ऐकू येऊ लागली आणि वाचनाला तासावर पैसे मिळतात ही बातमी कट्ट्याकट्ट्यावर पोचली. खर्जसाहेबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

आम्हाला त्यांनी पाठवलेला डेमो दीड मिनिटाचा आहे. त्यात सह्याद्रीचे कडे आहेत, एका साडीच्या दुकानाची जाहिरात आहे, सिमेंट आहे आणि सासरी निघालेल्या लेकीशी बोलणारा बाप आहे. मागे बासरी. चारही ठिकाणी आवाज तोच, त्यामुळे साडीही पावसाळ्यात गळणार नाही अशी खात्री वाटते. डेमो ऐकून माणूस ठरवू नये असं या धंद्यात पहिल्याच आठवड्यात कळतं. दीड मिनिट कुणीही छान वाचतो. साठ हजार शब्दांची कादंबरी कानाला आठ-नऊ तास भरते आणि तयार एका तासामागे वाचणाऱ्याचे दोन-तीन तास सहज जातात. पहिल्या प्रकरणातला आवाज चाळिसाव्यात तसाच असायला लागतो. मधल्या पंधरवड्यात पडसं, पाहुणे आणि आइस्क्रीम येऊन गेलेलं असलं तरी.

साहेबांचा स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं भिंतीत बसवलेलं कपाट. माईक मधल्या कप्प्यात, पुढे पॉप फिल्टर, म्हणजे 'प' आणि 'भ'चे फटके माईकला बसू नयेत. मागे रजया, दोन्ही बाजूंना वहिनींच्या साड्या. ही व्यवस्था हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही. पैठणीसारखं भरजरी कापड ओळीने टांगलं की खोलीचा घुमारा छान मरतो. अडचण लग्नसराईत येते. वहिनी साड्या बाहेर काढतात आणि साहेबांच्या आवाजात पोकळी शिरते. आमचा एडिटर नुसती फाइल ऐकून सांगतो, 'नात्यातलं लग्न दिसतंय. जवळचं.'

रेकॉर्डिंग रात्री अकरानंतर. दिवसा कुकर, कबुतरं, भंगारवाला, वरच्या मजल्यावरचा मिक्सर. आणि पुण्यात गणपतीच्या आधीचे दोन महिने नदीकाठचा ढोल-ताशांचा सराव. पंखा बंद, एसी बंद. मे महिन्यात साहेब कपाटासमोर बनियनवर बसून पानिपतावरची थंडी वाचतात. शिवाय चांगल्या माईकला पोटातलंही ऐकू येतं. संध्याकाळी मिसळ झालेली असली तर नायक-नायिका तळ्याकाठी नि:शब्द बसलेली असताना तिसराच कुणीतरी गुरगुरतो. म्हणून करारात नाही, पण तोंडी ठरलेलं आहे: रेकॉर्डिंगच्या दिवशी उसळ नाही.

मोबदला तयार तासावर, म्हणजे चुका, खोकले आणि रिटेक काढून जो तास उरतो त्यावर. ही पद्धत रास्त आहे. चुकणाऱ्याला चुकण्याचे पैसे मिळत नाहीत. पण साहेब बँकेतले. त्यांच्या लवकरच ध्यानात आलं की चुकीला पैसे नसले तरी विरामाला आहेत. मग स्वल्पविराम लांबले. पूर्णविरामाला इतकी शांतता पसरू लागली की ऐकणाऱ्याला वाटावं, फोनची बॅटरी गेली. 'तो उठला', असं म्हणून साहेब थांबत. तो पुन्हा बसला असता तरी चाललं असतं इतका वेळ. नऊ तासांचं बिल आलं. एडिटरने विराम कापले, सात तास उरले. साहेबांनी फोन केला. म्हणाले, 'तुम्ही माझा अभिनय कापलात.'

मोठी खोड वेगळीच आहे. साहेब पुस्तक आधी वाचत नाहीत. 'ताजेपणा जातो,' म्हणतात. एका रहस्यकथेतल्या फौजदाराला त्यांनी अठरा प्रकरणं नाभीपासून आवाज दिला. एकोणिसाव्यात वाक्य आलं, की फौजदार आपल्या नेहमीच्या किनऱ्या आवाजात ओरडला. रात्री पावणेएकला मला फोन. 'लेखकाला सांगा, किनऱ्याच्या जागी भारदस्त करा. कथेला बाध येत नाही.' लेखक तयार होईना. त्याच किनऱ्या आवाजावरून पुढे खुनी ओळखला जाणार होता. शेवटी फौजदार पहिल्यापासून पुन्हा वाचावा लागला. त्या आठ दिवसांत साहेबांनी किनरा म्हणून जो काढला, तो इतरांच्या खर्जाइतका लागला.

एका अध्यात्माच्या पुस्तकात त्यांनी जरामरणातल्या 'जरा'चा ज 'जरा सरकून घ्या'मधल्यासारखा म्हटला. म्हातारपण आणि मृत्यू यांच्या फेऱ्यातून सुटका सांगणारं ते पुस्तक, थोडंसं मरण कसं टाळावं हे सांगू लागलं.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिकाही वाचतात. अंध विद्यार्थ्यांसाठी त्या पूर्वी कॅसेटवर क्रमिक पुस्तकं वाचून द्यायच्या. आवाज म्हणाल तर बाजारात मागे उभं राहून ऐकला तर वळूनही बघणार नाही, असा. बाई पुस्तक दोनदा वाचतात, पेन्सिलने श्वासाच्या जागा मांडतात आणि मग फोन करून विचारतात, 'हे गाव तिकडची माणसं काय म्हणून ओळखतात?' त्यांचं वाचन सुरू झालं की पाच मिनिटांत बाई दिसेनाशा होतात, पुस्तक तेवढं उरतं. मला विचाराल तर वाचणाऱ्याकडून हवं ते एवढंच, आणि पैसे त्याचेच द्यावेत. पण लेखकमंडळींना डेमो ऐकवला की बोट खर्जसाहेबांवर पडतं. आपलं वाक्य त्या आवाजात ऐकलं की लेखकाला ते आपण लिहिलं यावर नव्याने विश्वास बसतो. शिवाय किल्ले, भुताचे वाडे आणि गतकाळाच्या पाऊलखुणा यांना साहेबांवाचून इलाज नाही हेही खरं.

अलीकडे आमच्या करारात एक कलम वाढलं: हा आवाज यंत्राला शिकवून त्याची नक्कल काढायची नाही. हे कलम साहेबांच्या भल्याचं आहे. त्यांनी ते मला फोनवर मोठ्याने वाचून दाखवलं, आणि माझंच वॉरंट निघाल्यासारखं वाटलं. मग म्हणाले, 'हे ठीक. पण आणखी एक कलम हवं.'

झालं होतं असं, की साहेब सकाळी स्वयंपाकघरात गेले तर वहिनी भाजी चिरताना त्यांचीच ऐतिहासिक कादंबरी ऐकत होत्या. साहेब दारात उभे राहिले. घोडदौड जरा जास्तच वेगात चालली होती. वहिनींनी वेग दीडपट केला होता.

'बरं वाटतं हो असं,' वहिनी म्हणाल्या, 'घरात असता तेव्हा हे बटण नसतं.'

'तर लिहा,' साहेब मला सांगत होते, 'श्रोत्याने वेग वाढवल्यास...' आणि थांबले. मी पुढच्या शब्दाची वाट बघितली. बराच वेळ बघितली. मग लक्षात आलं, हा नुसता स्वल्पविराम आहे.