भंडाऱ्याच्या पुऱ्या कुठे लिहायच्या?

"अगं, ऐकलंस का? समोरच्या भाभीजींनी पैसे भरले. सहा महिन्यांचे, एकदम."

"कशाचे, काकू?"

"बारीक व्हायचे. मोबाइलवर."

काकू कुरडया घालत होत्या आणि मी भिंतीला टेकून त्यांचा गरम चीक खात होते, तेव्हा विषय तसा वेळेवर निघाला. हजरतगंजच्या झगमगत्या रस्त्यामागे, नरहीच्या बाजूला आमच्या दोन गच्च्या. मध्ये कमरेएवढी भिंत. गल्लीत मराठी घरं ही दोनच, त्यामुळे बोलायला भीती नाही. भाभीजी स्वतः खाली उभ्या असल्या तरी चालतं. भातखंड्यांनी 1926 साली इथे संगीताचं मॅरिस कॉलेज काढलं, त्याच्या मागोमाग जी मराठी माणसं लखनौला आली त्यांत काकूंचे सासरे होते. काकू इथल्या झाल्या, पण कुरडई सोडली नाही आणि चौकशाही सोडल्या नाहीत.

"बारा किलो उतरवायचेत म्हणे तीन महिन्यांत. गॅसच्या टाकीत चौदा किलो असतो ना गं? म्हणजे जवळजवळ एक सिलिंडर!"

"बारा कोणी सांगितलं? डॉक्टरांनी?"

"छे! सून सांगत होती. ॲपने विचारलं किती, यांनी टाकलं बारा. बहिणीच्या मुलीचं लग्न आहे ना कानपूरला, म्हणून बारा."

हे मला भारी आवडलं. लग्नाच्या तारखेवरून किलो ठरले! मी काकूंना अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीचं सांगितलं. 2002 साली तिचे निकाल आले. तीन हजारांवर माणसं होती, सगळी मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. त्यांतल्या एका गटाला लक्ष्य काय दिलं होतं? आपल्या वजनाच्या फक्त 7 टक्के घट आणि आठवड्याला 150 मिनिटं चालणं किंवा तसाच काही व्यायाम. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. 80 किलोच्या बाईला ते साडेपाच किलो होतात.

"साडेपाचच? मग भाभीजींना कोणीतरी सांगायला नको?"

"तुम्ही सांगा."

"मी कशाला वाईट होऊ!" काकूंनी सोऱ्या नव्याने भरला. "आणि खरी गंमत पुढेच आहे. काल मंगळवार होता ना."

इथला ज्येष्ठ आपल्यापेक्षा पंधरवडा आधी लागतो आणि त्याचा प्रत्येक मंगळवार म्हणजे 'बड़ा मंगल'. गंजातल्या दक्षिणमुखी हनुमानाला रांगा, आणि चौकाचौकांत भंडारे. पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी, गुलाबी सरबत. हात आडवा केला तर देणाऱ्याला वाईट वाटतं. भाभीजींनी म्हणे तीन ठिकाणी प्रसाद घेतला आणि ॲपमध्ये रात्री लिहिलं काय? एक सफरचंद आणि दलिया. सुनेने विचारलं, तर उत्तर आलं, "प्रसाद की भी कोई गिनती होती है?"

"बरोबरच आहे," काकू म्हणाल्या. "प्रसाद कसला मोजायचा?"

"काकू, पुरी तेलातच तळली होती ना?"

"हो, पण बजरंगबलीच्या."

यावर मी काय बोलणार? पण ही एकट्या भाभीजींची गोष्ट नाही. 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला होता. "आम्ही काहीच खात नाही, तरी वजन हलत नाही," म्हणणारी माणसं न्यूयॉर्कच्या संशोधकांनी नीट तपासली. जेवढं खाल्लं त्यापेक्षा 47 टक्के कमी सांगितलं होतं आणि व्यायाम 51 टक्के जास्त! मुद्दाम खोटं बोलत असतील असंही नाही. खाल्लेलं खरंच आठवत नाही माणसाला, त्यातून उभ्याने खाल्लेलं तर मुळीच नाही. (मी हे बोलत असताना दुसऱ्यांदा चीक घेतला होता. काकूंनी पाहिलं, बोलल्या नाहीत.)

शिवाय लिहायचं म्हटलं तरी लिहायचं कसं? परदेशी ॲपांत पोहे शोधून दमायला व्हायचं. 2012 साली बंगळूरला सुरू झालेल्या हेल्दिफायमीसारख्यांनी इडली-पराठे यादीत आणले हे खरं, पण तिथे 'एक वाटी' म्हणतात ती कोणाची वाटी? आमची आमटीची की भाभीजींची राजम्याची? रॉयल कॅफेची बास्केट चाट घ्या. बटाट्याच्या किसाची तळलेली टोपली, आत टिक्की, वडा, दही, चटण्या. चौघांत एक खाल्ली तर टोपली कोणाच्या नावावर? आणि थंडीतली निमिष! दुधाचा नुसता फेस, चमच्यात धरली तरी वजन लागत नाही. साय आणि साखर मात्र त्यात व्यवस्थित असते.

"मग लिहूच नये," काकूंनी निकाल दिला.

तसं नाही. अंदाज चुकला तरी लिहिणाऱ्यांचंच वजन जास्त उतरतं, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. व्हरमाँट आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठांनी 2019 साली ऑनलाइन कार्यक्रमातल्या 142 लोकांचं लिहिणंच मोजलं. पहिल्या महिन्यात दिवसाला 23 मिनिटं लागत होती, सहाव्या महिन्यात 15 सुद्धा नाही. आणि किती वेळ लिहिलं याला महत्त्व नव्हतंच. दिवसातून कितीदा लिहिलं, त्यावर फरक पडत होता. जेवलं की लगेच, चार शब्द. रात्री बसून आठवत लिहिलं की सफरचंद आणि दलिया येतो.

"घड्याळपण घेतलंय बरं का तिने. पावलं मोजतं."

"त्याची तर वेगळीच कथा आहे." 2016 साली पिट्सबर्गच्या संशोधकांनी 471 तरुण माणसांवर दोन वर्षं प्रयोग केला. आहार, व्यायाम, मार्गदर्शन सगळ्यांना सारखंच. सहा महिन्यांनी निम्म्यांना दंडावर बांधायचं यंत्र दिलं, उरलेल्यांनी आपलं आपण लिहायचं. यंत्रवाल्यांचं वजन उतरलं सरासरी साडेतीन किलो आणि लिहिणाऱ्यांचं जवळजवळ सहा.

काकूंना हे फारच गोड लागलं. हातातला सोऱ्या थांबला. "म्हणजे घड्याळाने नुकसानच!"

नुकसान असं नाही म्हणता येणार. पण भाभीजी संध्याकाळी गंजिंगला, म्हणजे हजरतगंजात फिरायला जातात, ते आम्ही पाहतोच. हलवासिया मार्केटपासून जीपीओपर्यंत, दर दुकानाशी थांबत, रमतगमत. घड्याळ सहा हजार पावलं दाखवतं. त्या सहा हजारांत दोन ठिकाणी मटर चाट होते, ते घड्याळाला कळत नाही. वर भाभीजींना वाटतं, चाललो की एवढं, आता रबडी चालेल.

मग काकूंनी माहेरचा विषय काढला, तो निघणारच होता. भाऊ दीक्षित पंथाचा, भावजय दिवेकर पंथाची. एकाच घरात! डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, डॉ. जिचकारांच्या विचारावर उभं: दिवसात दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. भाऊ त्यांच्या व्हॉट्सॲप गटात आहे, रक्ताचे रिपोर्ट तिथे टाकतो. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांनी 2018 मध्ये बारा आठवड्यांचा ऑनलाइन उपक्रम चालवला होता. दर आठवड्याला एकच नवी गोष्ट, पहिल्या आठवड्यात सकाळी चहाऐवजी केळं किंवा भिजवलेले बदाम-मनुका. भावजय तेव्हापासून केळं खाते आणि तुपाची बाजू घेऊन भांडते.

"आता कोण खरं ते तू सांग."

ते मी सांगणार नाही, मला काकूंच्या माहेरी नाही तरी काकूंकडे जेवायचं असतं. पण एक पाहिलंत का? दोघांनीही 'बारा किलो' म्हटलेलं नाही. उद्या सकाळी उठून काय करायचं, ते सांगितलंय. केळं खाल्लं की नाही, 55 मिनिटांत उठलो की नाही, याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं. काट्यावरचा आकडा आपल्या हातात नसतो. मीठ जास्त झालं तरी तो किलोभर वर जातो आणि माणूस ॲपच काढून टाकतो.

"तुझ्या नवऱ्याला बरं आहे बाई. काही खा, अंगाला लागत नाही."

इथे मात्र मी भिंतीवर नीट सरसावून बसले. आमच्या ह्यांचं वजन अगदी तक्त्याप्रमाणे, पण शर्टाच्या खालच्या बटणाशी गोल पोट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. उंचीच्या मानाने वजन दोघांचं तंतोतंत सारखं, बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांच्या 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या 21.2! दिसायला बारीक, आतून चरबीचे, असे आपण. म्हणून भारतीयांसाठी कंबरेची वेगळी मर्यादा ठरवली: पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80.

काकू उठल्या, शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन आल्या आणि पदराआड स्वतःची कंबर मोजली. आकडा मला सांगितला नाही. मग भिंतीवरून वाकून हाक मारली, "भाभीजी, ज़रा ऊपर आइए तो!"

भाभीजी आल्या. टेप पाहून हसल्या, मोजून घेतलं आणि सुनेला ॲपमध्ये लिहायला लावलं. कंबरेसाठी तिथे रकाना होता, उघडला कोणी नव्हता. बाराचे साडेपाच किलो करायला त्या तयार झाल्या. प्रसादाच्या पुऱ्या लिहायला मात्र नाही. त्यावर काकूंनी तोड काढली: पुऱ्या ॲपमध्ये लिहू नका, पण त्या मंगळवारी रात्रीचं जेवण सोडा आणि गंजात चाट नको. भाभीजींना हे पटलं. माझं विचाराल तर पुऱ्यासुद्धा लिहाव्यात, आणि लगेच लिहाव्यात. आणि सहा महिन्यांचे पैसे एकदम भरायच्या आधी महिनाभर साध्या वहीत लिहून पाहावं.