कॅल्क्युलससाठी स्थळ

उरणजवळच्या करंज्यात बारावीच्या कॅल्क्युलससाठी सर शोधणं म्हणजे मुलीला स्थळ बघण्यासारखंच. आधी शिक्षण, मग कॉलेज कुठलं, मग देणंघेणं. लिमिट समजावून सांगता येतं का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. साधा बी.एस्सी. निघाला तर चहा पाजून ‘कळवतो’ म्हणायचं. जेट्टीवर मासळी उतरवून झाली की बापच पोराला घेऊन निघतो. जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल आल्यापासून बेलापूरसुद्धा टप्प्यात आलंय. तिथल्या बोर्डावर ‘आयआयटीयन फॅकल्टी’. फोटोतला आयआयटीयन वर्गात कधी दिसत नाही, ही गोष्ट अलाहिदा.

या परीक्षेत रँग्लर परांजपे सहज पास झाले असते. 1899 चे केंब्रिजचे सीनिअर रँग्लर, फर्ग्युसनचे प्राचार्य, शिवाय आपल्या कोकणातले, मुर्डीचे. पण त्यांच्याच नावाचं पारितोषिक 1927 मध्ये मिळवणारे द. रा. कापरेकर? बी.एस्सी.च्या पुढे डिग्री नाही, देवळालीत शाळामास्तर. कुठलीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, फार तर सात फेऱ्यांत 6174 येणार, हे त्यांनी दाखवलं. इथल्या विद्वानांनी नाकं मुरडली. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे नाव झालं.

करंज्यात कापरेकरांना विचारलं असतं, “ते सगळं ठीक आहे सर, पण एम.एस्सी. कुठून केलंत?”