बेंबळीचं बॉम्बे

यंदा सोयाबीनचं पहिलं पोतं घेऊन गावातल्या व्यापाऱ्याच्या दुकानी गेलो, तर 'बसा' म्हणायच्या आधी त्यानं पोत्याच्या कुशीत टोकदार नळी खुपसली. निघालेल्या दाण्यांवर फुंकर मारली, काडी-माती बाजूला केली आणि एक दाणा दाढेखाली धरला. कट्ट असा आवाज यायला पाहिजे होता, तो आला नाही. तोंडी परीक्षेत गप्प उभ्या राहिलेल्या पोराकडं मी बघतो तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. मग मूठभर दाणे यंत्रात घातले.

"चौदा लागलंय, सर. दोन दिवस ऊन द्या."

दाण्यातलं मॉइश्चर बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. सरकारी खरेदीचा नियमही बाराचाच. २०२४ साली शेतकरी बेंबीच्या देठापासून ओरडले, तेव्हा कुठं त्या हंगामापुरती ती मर्यादा पंधरावर गेली. मी पोतं परत आणलं, माळवदावर पसरलं, चिमण्या हाकायला स्वतःच बसलो आणि मोबाइल उघडला. ईमेल आली होती. 'सुप्रसिद्ध प्राध्यापक महोदय, ग्रीटिंग्ज ऑफ द डे!'

मी जिल्ह्याच्या ठिकाणी मराठी शिकवतो. माझी प्रसिद्धी आमच्या गावच्या, बेंबळीच्या, स्टँडवरही पुरती पोचलेली नाही. पण मूत्रपिंडाच्या विकारांवरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाला माझ्या 'अमूल्य योगदाना'नं भारावून टाकलं होतं. मी संपादक मंडळावर यावं, जमल्यास एक शोधनिबंधही द्यावा, तीन दिवसांत छापू, शुल्क डॉलरमध्ये. तिकडं सोयाबीन दोन दिवस उन्हात, इकडं मूत्रपिंड तीन दिवसांत छापून तयार.

पोलंडमधल्या काही संशोधकांनी २०१५ साली नियतकालिकवाल्यांची गंमत केली होती. 'ॲना ओ. शुस्त' नावाची एक बाई त्यांनी कागदावर जन्माला घातली. नाव सलग वाचलं की 'ओशुस्त', म्हणजे पोलिश भाषेत ठग. तिच्या नावावर एकही धड संशोधन नव्हतं. संपादक करून घ्या म्हणून तिचे अर्ज ३६० नियतकालिकांना पाठवले. ४८ जणांनी बाईंना खुर्ची देऊन टाकली. आपल्याकडं ठकूबाई ठगे नावानं अर्ज केला असता तर निदान एखाद्या शिपायानं तरी खाली मान घालून हसू दाबलं असतं.

पण मला हसायचा फारसा अधिकार नाही. माझंही एक पोतं न तपासता गेलेलं आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०१० साली प्राध्यापकांच्या कामाला गुण देणारा एपीआय आणला, तेव्हापासून प्राध्यापक भेटले की ख्यालीखुशालीऐवजी 'किती झाले?' असं विचारू लागले. पोरं नव्हेत, पेपर. बढतीची, म्हणजे कॅसची, फाइल पुढं सरकायची तर गुण पाहिजेत आणि गुण पाहिजेत तर छापलं पाहिजे. 'आयएसएसएन आहे ना? मग झालं,' असं आम्ही एकमेकांना सांगायचो. तो क्रमांक म्हणजे नियतकालिकाची नुसती नोंद. गाडीला नंबरप्लेट आहे म्हणून चालवणाऱ्याला गाडी येते असं थोडंच आहे?

माझी चुलती, जिला आम्ही मोठ्याई म्हणतो, तिच्याकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांवर मी एक निबंध लिहिला आणि धाडून दिला. दुसऱ्याच दिवशी स्वीकारपत्र आलं. 'दोन तज्ज्ञांनी परीक्षण केले' असं त्यात होतं. हे तज्ज्ञ रात्रभर जागून ओव्या वाचत बसले असतील या कल्पनेनं मला तेव्हा गहिवरूनही आलं होतं. पैसे भरले, अंक आला. संपूर्ण निबंधात संपादकीय दुरुस्ती एकच होती. शीर्षकातलं 'बेंबळी' त्यांना चुकीचं वाटलं असावं. त्यांनी ते 'बॉम्बे' केलं होतं. मोठ्याईनं आयुष्यात मुंबई पाहिलेली नाही, पण संशोधनाच्या दप्तरी तिच्या ओव्या गिरणगावात जमा आहेत. आणि लाज वाटते सांगायला, गुण मिळाले.

पुढं यूजीसीच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीवर पुणेकरांची नजर पडली. चुका काढण्यात त्या शहराचा हात कोण धरणार? पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं घुसलेली १००९ नियतकालिकं दाण्यासारखी दाढेखाली धरली. पत्ता खरा आहे का, संपादक खरोखर आहेत का, इम्पॅक्ट फॅक्टर कुठून आणला, असले साधे प्रश्न. सुमारे ८८ टक्के माल नापास. हा निबंध २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं ४३०५ नावं यादीतून काढली. 'बॉम्बे'वालं नियतकालिक नंतर शोधलं, तर त्याच्या संकेतस्थळावर स्वयंपाकाची भांडी विकायला होती. धंदा सुधारला म्हणायचा. २०१९ मध्ये जुन्या यादीच्या जागी यूजीसीची केअर यादी आली, २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. आता कॉलेजांनी आपापलं बघून घ्यायचं. म्हणजे यंत्र गेलं, दाढ राहिली. ती ज्याची त्यानं शाबूत ठेवायची.

चोरी मोजायला मात्र यंत्र आहे. यूजीसीचा २०१८ चाच नियम: दुसऱ्याशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर माफ, दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांत प्रबंध सुधारून द्या, साठपर्यंत गेलं तर वर्षभर थांबा, त्यावर नोंदणीच रद्द. सोयाबीनला बारा, प्रबंधाला दहा. आमच्यातले काही ओल लपवण्यातही पटाईत. चोरलेल्या मजकुरातले शब्द बदलायचे, की यंत्र फसतं. फ्रान्समधले संशोधक कबानाक व लाब्बे आणि त्यांचे रशियन सहकारी मागाझिनोव्ह यांनी २०२१ साली असे पिळवटलेले शब्द गोळा केले. त्यात 'ब्रेस्ट कॅन्सर'चं झालेलं होतं 'बूझम पेरिल', म्हणजे जवळजवळ 'उरावरचं संकट'. उद्या कुणी बैलपोळ्यावरच्या प्रबंधात 'वृषभांची चपाती' लिहिलं तर मी चकित होणार नाही.

माझा ओव्यांचा निबंध नंतर सहज म्हणून मी या यंत्रातून काढला. साम्य चार टक्के! छाती फुगली. मग शांतपणे वाचत गेलो आणि फुगलेली छाती हळूहळू बसली. ओव्या मोठ्याईच्या. अर्थ तिनंच जात्याशेजारी बसून उलगडलेले. 'इथं बाई रडते, पण तोंडानं म्हणत न्हाई,' हे तिचं वाक्य मी 'येथे दुःखाची अव्यक्त अभिव्यक्ती आढळते' असं करून आपल्या नावावर लावलं होतं. हेही एक 'उरावरचं संकट'च. आणि तिचं नाव? 'एका वृद्ध महिलेकडून संकलित.' यंत्राला ती कुठली सापडणार?

पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, लाखावर ओव्या. आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) हे संकेतस्थळ त्या लोकांपुढं आणतं. तिथं ओवीबरोबर गाणारणीचं नाव असतं, गाव असतं. लाखात त्यांना जमलं ते मला साठ ओव्यांत जमलं नाही.

सोयाबीन तिसऱ्या दिवशी अकरावर आलं. व्यापाऱ्यानं पट्टी फाडून दिली. तीत माझं नाव, गाव, वजन, भाव. खाली हमाली वेगळी, तोलाई वेगळी. ज्यानं पोतं नुसतं उचलून काट्यावर ठेवलं, त्याचाही रकाना होता.

पट्टी खिशात घालून मोठ्याईकडं गेलो. ती उंबऱ्यात शेंगा फोडत होती. म्हटलं, निबंध पुन्हा नीट छापायला देतोय, या वेळी तुझं नाव घालतो.

"मपलं कशाला?" ती म्हणाली. "मला सासूनं शिकवलं. तिचं घाल."

मी वही काढली. आमच्या आजीला सगळं गाव 'आबाची माय' म्हणायचं. माझ्या बापाच्या आईचं नाव मला चटकन आठवेना.

"नाव काय गं तिचं?"

मोठ्याईनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि माझ्याकडं न बघताच विचारलं,

"माहेरचं लिहितोस का सासरचं?"