सांबारातलं अल्डिहाइड

पुसदच्या बाजारात सांबाराची जुडी नाकाशी नेऊन पाहणाऱ्या बाईला कुणी म्हटलं, "मावशी, अल्डिहाइड हुंगून राहिल्या तुम्ही," तर ती जुडी तिथंच ठेवून पुढच्या दुकानाकडे वळेल. (सांबार म्हणजे आमची कोथिंबीर, इडलीवाल्यांनी रागावू नये.) पण गोष्ट खरी आहे. हा वास डेकॅनल, डेसेनल अशा अल्डिहाइडांचा. ढेकणाचा दर्पही त्यांच्याच भाऊबंदांचा, हे मात्र सांबारवडी खाताना आठवू नये. जिऱ्याची फोडणी, मसालेभातातली दालचिनी, सगळीकडे हीच मंडळी.

बारावीच्या प्रॅक्टिकलला ती नावानिशी भेटतात. सिल्व्हर नायट्रेटचं अमोनिया घातलेलं द्रावण, त्यात थोडं अल्डिहाइड, आणि परीक्षानळी गरम पाण्यात. हलवायची नाही. काही मिनिटांत काचेला आतून चांदी चढते आणि पोरं त्यात भांग पाहू लागतात. नळी नीट धुतलेली नसली, की आरशाऐवजी काळा गाळ पदरात पडतो.

अल्डिहाइडचा स्वभावच अस्वस्थ. अल्कोहोल आणि आम्ल यांच्या मधला हा मुक्काम. ओसरीवर चप्पल न काढता टेकलेल्या पाहुण्यासारखा, कधीही उठेल. रात्री घेतलेली मोहाची यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होते, मग ॲसेटिक आम्ल. सकाळच्या डोकेदुखीत या मधल्याचा हात असतो, शिव्या मात्र पाजणाऱ्याला. यकृत जे फुकटात करतं, तेच कोपरगावजवळच्या साकरवाडीत कारखाना थाटून करतात.

उद्योगाला हा चुळबुळ्या स्वभावच हवा असतो. सर्वांत धाकटं फॉर्माल्डिहाइड दिसेल त्याच्याशी सोयरीक जुळवतं. फिनॉलशी जुळली की बेकेलाइट, म्हणजे जुन्या घरांतली ती काळी बटणं. लिओ बेकलंडनं 1907 मध्ये केलेली करामत. मेलामाइनशी जुळली की लग्नाच्या पंगतीतल्या न फुटणाऱ्या ताटल्या. पाण्यात विरघळवलं की फॉर्मालिन, प्राणिशास्त्राच्या बरणीतल्या बेडकाचं अमरत्व. आणि युरियाशी जुळली की प्लायवूडचा डिंक.

आमचा जिल्हा सागवानाचा. पण घरात येणारं कपाट आता पार्टिकल बोर्डाचं. ते उघडल्यावर डोळे चुरचुरतात, तो त्यातल्या याच डिंकातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडचा प्रताप. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवलं आहे. तेव्हा दिवाळीत नवं कपाट घेतलंत, तर त्याची दारं आणि घराच्या खिडक्या काही दिवस सताड उघड्या ठेवा. कपडे तोवर दोरीवर राहिले तरी चालतील.