परिषद पहूरला घ्या, आणि तीही मे महिन्यात

गारवा शिकवणाऱ्यांनी उकाड्यात बसून शिकावं, असं माझं म्हणणं आहे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड असतो. तो शिकवणाऱ्याला सरकारी कागदावर शिल्पनिदेशक म्हणतात आणि वर्गात सर. या सरांचं ज्ञान ताजं राहावं म्हणून उजळणी वर्ग, कार्यशाळा, परिषदा भरतात. त्या भरायलाच हव्यात, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो गावाचा आणि महिन्याचा. वातानुकूलनवाल्यांचं आपल्याकडचं मोठं प्रदर्शन, अ‍ॅक्रेक्स, बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मुंबई, दिल्ली किंवा बंगळुरूच्या भव्य दालनांत भरतं. अमेरिकेत हा विषय शिकवणाऱ्यांची राष्ट्रीय परिषद लास वेगासला भरत आली आहे. वाळवंटातलं शहर, जुलैत पारा पंचेचाळिसाला टेकणारं. म्हणजे गाव अगदी नेमकं निवडलं. पण तारीख ठेवली मार्चमधली! इतक्या जवळ येऊन हुकलेला नेम मी दुसरा पाहिलेला नाही. ही चूक आपण सुधारू शकतो. माझा प्रस्ताव असा: जळगाव जिल्हा, जामनेर तालुका, मुक्काम पोस्ट पहूर, मे महिन्याचा तिसरा आठवडा.

आधी सध्याच्या परिषदेचं रूप पाहू. हॉल वातानुकूलित, रिमोट कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तापमान अठरा. खोलीतल्या एसीचं मूळ सेटिंग २४ अंशांवर असावं, असा नियम जानेवारी २०२० पासून लागू आहे. त्याचं महत्त्व पटवणारं भाषणसुद्धा अठरा अंशांतच होतं. व्यासपीठावर सात जण, सातांना शाल-श्रीफळ. एरवी सत्काराची शाल घडी न मोडता कपाटात जाते आणि पुढच्या सत्काराला बाहेर पडते. इथे मात्र सत्कारमूर्ती ती अंगावरून उतरवत नाहीत. मग दीपप्रज्वलन, आणि लगेच ज्वालाग्राही गॅस हाताळताना घ्यायची काळजी या विषयावरचं सत्र, त्याच टेबलावर, समई तेवत असताना. आता हाच कार्यक्रम मे महिन्यात पहूरला ठेवा. दुपारच्या त्या रणरणत्या उन्हात लोकरीची शाल खांद्यावर घ्यायला कोण उभा राहील? सात सत्कार दोनावर येतील आणि एक अख्खं सत्र मोकळं होईल. वेळापत्रकापुरता एवढा मुद्दा पुरे आहे. पण परिषदेला विषयही असतो, म्हणून पुढे लिहितो.

एसीची क्षमता ज्या मूळ चाचणीत ठरते, तिच्यात बाहेरची हवा ३५ अंशांची धरलेली असते. अति उष्ण प्रदेशांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात ४६ अंशांची वेगळी चाचणी आहे. पण दुकानात आपण दीड टन म्हणून जे घेतो, ते सहसा पस्तीस अंशांतलं दीड टन. स्टार लेबलसाठी आपल्याकडे हंगामभराची कार्यक्षमता काढतात, त्या हिशेबात बाहेरचं तापमान २४ पासून ४३ अंशांपर्यंत घेतलं आहे. तिथे हिशेब संपतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मेच्या दुपारी त्रेचाळीस ओलांडले तर त्याची बातमीसुद्धा होत नाही. म्हणजे खान्देशी माणसाला एसीची सगळ्यात जास्त निकड ज्या तासाला, तो तास लेबलाच्या वहीत नाहीच. नेमक्या त्या तासाला गच्चीवरच्या पत्र्याखाली, धुळीने आणि कापसाच्या तुसाने बुजलेलं आउटडोअर युनिट मान टाकतं. दाब चढतो, कॉम्प्रेसर तापतो, ओव्हरलोड तुटतो आणि घरमालक फोन करतो. फोन उचलणारा कुठल्या तरी सरांचा माजी विद्यार्थी असतो. त्याला सरांनी सगळं शिकवलेलं असतं, फक्त पस्तीस अंशांपर्यंतचं.

हा माजी विद्यार्थी येतो आणि सांगतो, "गॅस संपला." एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. बंद नळीत फिरणारा वायू वापरून संपत नाही; तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळला आहे. गळती शोधायची, सांधा ब्रेझ करायचा, नायट्रोजनचा दाब देऊन पाहायचं, व्हॅक्यूम पंपाने हवा आणि ओल खेचून काढायची आणि मग काट्यावर वजन करून गॅस भरायचा, हा क्रम प्रत्येक सर फळ्यावर लिहितात. पण पायाखाली गच्ची भाजते आहे, पाना हातात धरवत नाही आणि खालून "झालं का हो भाऊ?" अशी हाक येते आहे, तेव्हा हा पाच पायऱ्यांचा क्रम "गॅस मारला" एवढ्यावर का आटपतो, हे फळ्यासमोर उभं राहून कळायचं नाही. आणि आता तसं आटपणं परवडणारं नाही. मॉन्ट्रियल करार १९८७ चा. त्यापायी ओझोनला खाणारा आर-२२ २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बाद व्हायचा आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, म्हणून पुढच्या पिढीतल्या गॅसांवरही २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कात्री लागेल. त्यांच्या जागी येतात आर-३२, जो थोडा पेट घेतो, आणि आर-२९०, जो चांगलाच पेट घेतो, कारण तो प्रोपेनच आहे, स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा जवळचा नातेवाईक. आर-२२ च्या सक्शनचे साठ-सत्तर पौंड ज्याच्या हाडात भिनले आहेत, त्याच्या गेजवर आर-३२ सव्वाशेच्या आसपास दाखवतो, आणि जास्त झाला समजून तो गॅस सोडून देतो. मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देऊन प्रमाणित करायचं लक्ष्य होतं. लाखांना कोण शिकवणार? हेच सर.

उकाड्यापुरतंच बोलायचं तर भुसावळनेही काम भागेल, हे भुसावळकरांनी मला सांगायला नको. पहूरचा दावा निराळा आहे. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशी जोडगावं, वाघूरचा शेजार, जळगाव-संभाजीनगर हमरस्ता आणि त्यावरच पाचोरा-जामनेरचा फाटा; कुठूनही एसटी मिळते. पाचोरा-जामनेरची छोटी गाडीसुद्धा इथे थांबायची. तिचं वातानुकूलन खिडकीच्या आकाराचं आणि बिनबिघाडीचं होतं, पण २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच. मुख्य म्हणजे वाकोद, फर्दापूर ओलांडलं की अजिंठा. तिथल्या विहारांत भिक्षू वर्षावासाला राहत, अध्ययन करत. म्हणजे या परिसरात निवासी परिषदांची परंपरा चांगली दीड-दोन हजार वर्षांची आहे, आणि तीही गळ्यात ओळखपत्र न लटकवता. काळ्या पाषाणाची जाड भिंत बाहेरचं ऊन आत यायला किती उशीर लावते, हे तिथे हात लावून समजतं. त्याहून मोलाचं म्हणजे चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, कारण श्वासातली आणि घामातली वाफ रंगांना बाधते. सुप्त उष्णतेचा जो धडा पोरं ऑप्शनला टाकतात, तो तिथे पहारेकऱ्याला तोंडपाठ आहे. परतताना एखादं केळी पिकवण्याचं चेंबर दाखवावं. थंड केलं की झालं, हा समज तिथे मोडतो: केळं सोळा-अठरा अंशांत छान पिवळं होतं, तेराच्या खाली नेलं तर साल काळवंडते, आणि पिकताना ते स्वतःच उष्णता सोडत असतं. रावेर-यावलच्या शेतकऱ्याचं वर्ष त्या दोन-चार अंशांवर उभं असतं. बेडरूमचा एसी बिघडला तर फार तर झोप जाते.

आक्षेप येणार. पहिला खरा आहे: लोकांना ऊन लागेल. उष्माघात हा विनोदाचा विषय नाही, म्हणून माझी अट अशी की सत्रं सकाळी सात ते अकरा, आणि दुपारी तीनला गच्चीवर पाळीपाळीने दहा-दहा मिनिटं, ताक आणि डॉक्टर हाताशी ठेवून. याने माझा प्रस्ताव थोडा पातळ होतो, हे मान्य. पण ही सवलत त्या माजी विद्यार्थ्याला कुणी देत नाही, हेही लिहून ठेवतो. दुसरा आक्षेप सोयीचा: घामाने चिंब डोक्यात ज्ञान शिरत नाही. यावर इतिहास काढावा लागेल. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आपलं यंत्र आखलं, ते दमट हवेत कागद फुगून रंग सरकत होते म्हणून. वातानुकूलनाने पहिली सोय पाहिली ती कागदाची, माणसाचा नंबर नंतर लागला. तेव्हा दोन दिवस माणसांनी मागे राहायला हरकत नसावी. शिवाय कोरड्या मेमध्ये साधा कूलर इथे जो गारवा देतो, तो मुंबईत देऊ शकत नाही. एका थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून दुसऱ्याशेजारी टांगलं की सायक्रोमेट्रिक चार्टची भीती अर्ध्या तासात उतरते. बड्या कंपन्यांचे तज्ज्ञ पहूरला येणार नाहीत, हा तिसरा आक्षेप. त्यांची यंत्रं तर पहूरला येतात. एक दिवस यंत्रामागोमाग माणूसही आला तर बिघडलं कुठे?

चौथा आक्षेप मात्र मला अडवतो. मेमध्ये लग्नसराई, मंगल कार्यालय मिळणार कसं? त्यावर पंचांगानेच तोड काढली आहे. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्नं नाहीत, कार्यालयं रिकामी. अडचण उरते ती एवढीच की धोंड्याच्या महिन्यात अर्धे शिल्पनिदेशक जावई म्हणून सासुरवाडीला गेलेले असतील. त्यांना तिकडे पुरणाचे धोंडे खाऊन मग इकडे यायला मुभा द्यावी.

आयोजकांना शेवटचं सांगणं प्रमाणपत्राबद्दल. ते हजेरीवर देऊ नये. समारोपाच्या दुपारी तीन वाजता पत्र्याखालचं एक बंद पडलेलं युनिट दाखवावं आणि ते का बंद पडलं, हे गॅस संपला असं न म्हणता जो सांगेल, त्याच्या हाती प्रमाणपत्र द्यावं. बाकीच्यांनी पुढच्या मेमध्ये पुन्हा पहूरला यावं.