पाऊण माफ, पायरी अख्खी

एसटी दिव्यांगाला तिकिटात ७५ टक्के सूट देते. अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही अर्धं तिकीट. चांगलं आहे, उगाच नावं ठेवायची नाहीत. पण तिकीट फाडायच्या आधी बसमध्ये चढावं लागतं, आणि पायरीवर कोणाला सूट नाही.

मेडशीच्या थांब्यावर उभे राहा. अकोल्याहून पातूर करत वाशिमकडे जाणारी गाडी येते. दार उघडतं. तरणाताठा माणूससुद्धा दांडी धरून स्वतःला वर ओढतो. ज्याच्या पायात जोर नाही त्याच्यासाठी रीत अशी: दोघांनी बगलेत हात घालायचे, तिसऱ्यानं पाय उचलायचे आणि चौथ्यानं खालून ‘सांभाळून बे, सांभाळून’ म्हणायचं. अर्धं तिकीट या चौघांतल्या एकालाच. बहुधा चौथ्यालाच मिळत असावं.

बरं, माणूस चढला. तीनचाकीचं काय? केंद्राच्या एडिप योजनेत कानपूरच्या अलिम्कोची बॅटरीवाली तीनचाकी मिळते. अपंगत्व जास्त असलं तर अनुदान. शिबिर भरतं, हार पडतात, किल्ली देताना फोटो निघतो. म्हणजे सरकारनं एका हातानं चाकं दिली, दुसऱ्या हातानं तिकीट दिलं, आणि दोन्ही एकदम वापरता येणार नाहीत याची काळजी घेतली. तीनचाकी दारातून शिरत नाही, डिकीत मावत नाही. कंडक्टरनं समजा विचारलं, “हे सामान हाय काय भाऊ?” तर काय सांगावं? हो म्हणावं तर आपल्याच पायांना सामान म्हटल्यासारखं होतं. नाही म्हणावं तर पायांचं तिकीट कोणत्या दरानं? कंडक्टरचा यात दोष नाही. त्याच्या मशीनमध्ये असं बटणच नाही.

कायदा आहे ना! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४१ वं कलम म्हणतं, जुनी वाहनंसुद्धा दिव्यांगांना वापरता येतील अशी करा. कधी? तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल, सुरक्षित असेल, परवडत असेल आणि रचनेत मोठा बदल लागणार नसेल तर. आमच्याकडे सोयरीक मोडायची असली की यापेक्षा कमी अटी घालतात. त्याआधी ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान निघालं. सरकारी सार्वजनिक वाहनांपैकी १० टक्के पूर्ण सुगम करायची, असं ठरलं. म्हणजे दिव्यांगानं नऊ गाड्या सोडून दहावीची वाट पाहायची. पुण्या-मुंबईत तेवढ्यात चहा होतो, गावाकडच्या थांब्यावर दिवस मावळतो.

मोटार वाहन नियमही बदलले. १ मार्च २०२० पासून बसमध्ये राखीव आसन हवं, धरायला दांडे हवेत, कुबड्या-काठी-वॉकर अडकवायची सोय हवी, आणि व्हीलचेअर आत घेऊन जागेवर पक्की करायची व्यवस्थाही हवी. गाडीचा फिटनेस तपासताना हे सगळं पाहायचं. राखीव आसन सगळीकडे दिसतं, कारण त्याला रंगाचा एक डबा पुरतो.

लंडनमध्ये बसला उतार लागतो, चाकांवरचा माणूस आपला आपण आत जातो, पाठ टेकणीला लावून बसतो, यंत्र बंद करतो. तिथं मोबिलिटी स्कूटरलाही प्रवेश आहे, पण मोजून: रुंदी ६० सेंटिमीटर, लांबी एक मीटर. मोठी असली तर नाही, कारण बसमध्ये वळता आलं पाहिजे आणि ब्रेक लागला तर ती दुसऱ्याच्या अंगावर जाता कामा नये. खरं सांगायचं तर आपली तीनचाकी या मापात बसत नाही, तिला लंडनवालेही खालीच ठेवतील. फक्त त्यांच्याकडे नकाराला सेंटिमीटर असतात. आपल्याकडे “पुढच्या गाडीनं या” असतं. मेडशीला तीनचाकी ठेवायला शेड, दाराला घडीचा उतार आणि वाशिमच्या स्टँडवर एक व्हीलचेअर, एवढं झालं तरी माणूस आपल्या मनानं जाऊन येईल. यातलं काही रॉकेट उडवण्याइतकं अवघड नाही. पण मग फीत कुठं कापायची?

आता वाशिमलाच का जायचं? १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला आणि मेडशीकरांची जिल्ह्याची कामं अकोल्याहून वाशिमला गेली. अपंगत्वाचा दाखलाही जिल्ह्याच्याच ठिकाणी. चालता येत नाही हे सांगायला आधी तिथवर पोचायचं. १६१ नंबरच्या महामार्गाचं चौपदरीकरण आलं, रस्ता रुंद झाला, बसचं दार होतं तेवढंच राहिलं. चौपदरीवरून ट्रकांच्या शेजारून तीनचाकी हाकत वाशिम गाठायचं, असा दुसरा मार्ग आहे. तो घरचे घेऊ देत नाहीत.

म्हणून तीनचाकी मेडशीतच राहते. थांब्याजवळ झाडाखाली, चाकाला साखळी लावून. पोरं येऊन हॉर्न वाजवतात, सीटवर बकरी चढते. मालक वाशिमला गेलाय, लोकांच्या खांद्यावर.