झोळीबाईंना खुले पत्र

प्रति,
मा. झोळीबाई,
मुक्काम दारामागचा बांबू, जव्हार-मोखाडा.

सा. न. वि. वि.

आपत्कालीन सेवेतल्या अखंड कामगिरीबद्दल आपलं अभिनंदन. पालघर जिल्हा 2014 मध्ये झाला, 108ची रुग्णवाहिकाही त्याच वर्षी आली. पण डांबर संपलं की पुढे हुकूम अजून आपलाच. एक बांबू, एक गोधडी, दोन गाठी आणि आळीपाळीने खांदा द्यायला चार गडी. ना डिझेल, ना निविदा. (मध्य वैतरणा धरणाचं पाणी मोखाड्यातून मुंबईला पोचतं. त्याची वाट पक्की आहे.)

भेदभाव तर आपल्या स्वभावातच नाही. अडलेली बाळंतीण, साप चावलेलं पोर, अर्धांगवायूचा म्हातारा, सगळ्यांना त्याच बाकात दुमडून नेता. कंबरेचं हाड मोडलेल्यालाही तसंच, म्हणजे शाबूत राहिलेलंही वाटेत मोडावं. चिखलात पुढचा घसरला की मागचा ओरडतो, आणि आतलं माणूस कळ आली की गोधडीच चावतं. ऑगस्ट 2022 मध्ये मर्कटवाडीची बाळंतीण आपल्यातूनच मुख्य रस्त्यापर्यंत गेली. दिवस भरण्याआधीच घरी जन्मलेली तिची जुळी वाचली नाहीत. आपल्याला बोल लावत नाही. आपण निदान आलात.

कागदावर आपल्याला प्रतिस्पर्धी आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016, कलम 8: जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोका त्यांना कळेल असा कळवावा. म्हणजे बहिऱ्या माणसासाठी नुसता भोंगा पुरणार नाही. पाड्यावर अंथरुणाला कोण खिळलंय, हे आशाताईंना तोंडपाठ असतं. कुणी विचारलं तर.

माहेरघराची कल्पना शहाणी. बाळंतपणाआधीच बाईला आरोग्य केंद्राशेजारी राहायला आणायचं. धाकटं पोरही सोबत चालतं. पण ऐन आवणीत शेळ्या कोण राखणार, चिखलात रोप कोण लावणार? त्या मजुरीची सोय लागली तर बाई येईल, नाहीतर ती आपल्याच वाट्याला.

तेव्हा विनंती अशी की, पावसाआधी आपल्या संभाव्य प्रवाशांची यादी पाठवावी आणि नावापुढे नुसतं ‘रुग्ण’ लिहू नये. हिला आधीच मुक्काम, त्याला ताठ फळीचं स्ट्रेचर, तिला फिटच्या गोळ्या चार महिन्यांच्या आगाऊ, त्याला खुणेने सांगणारा शेजारी, असं लिहावं. साहेबांच्या टेबलावर ती आम्ही ठेवू. त्यांनी ‘माहिती निरंक’ असा शेरा मारलाच, तर त्यांना एकदा खोडाळ्याच्या पलीकडे आपल्यातूनच फिरवून आणावं.

कळावे.

आपला,
तूर्त धडधाकट असलेला एक नागरिक